लग्नातला घागरा पुन्हा अंगावर यावा म्हणून

लग्नातला घागरा कपाटातच का पडून आहे असं विचारलं, तर बहुतेक जणी एकच उत्तर देतात: "ब्लाउज आता होत नाही." ते खरंही असतं. पण नुसता ब्लाउज वाढवून घेतला म्हणून घागरा बाहेर निघतोच असं नाही. तो अंगावर जड होतो, कॅनकॅनमुळे, म्हणजे आतल्या कडक जाळीमुळे, नीट बसू देत नाही, उंच टाचेची सँडल नसेल तर जमिनीवर लोळतो, आणि ओढणीसकट पूर्ण सेट घातला की दुसऱ्याच्या समारंभात आपणच नवरी वाटतो. तेव्हा काम चार प्रकारचं आहे: वजन उतरवायचं, उंची बसवायची, कंबर आणि छाती मोकळी करायची, आणि सेट फोडायचा. त्यातल्या उंची आणि कंबर या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच कापात साधतात.

यातलं बरंचसं घरी होतं. मशीनवर सरळ टीप मारता येत असेल आणि उसवायला धीर असेल, तर पुरे. शिंप्याकडेच द्यायचं असलं तरी काय, कुठे आणि किती हे आधी ठरवून गेलात तर "बघतो" या उत्तरावर परत यावं लागत नाही. मापं इंचातच दिली आहेत.

आधी उलटा करून बघा

दिवसाउजेडी पलंगावर पांढरी चादर घाला आणि घागरा, ब्लाउज, ओढणी तिन्ही उलट्या बाजूने पसरा. कागद-पेन जवळ असू द्या. पहिला प्रश्न: माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, किती आहे? ब्लाउजच्या बगलेखालच्या शिवणीत बोट घाला आणि टिपेपासून कापडाच्या कडेपर्यंत मोजा. मापाने शिवलेल्या ब्लाउजला एक ते सव्वा इंच माया मिळते आणि तिच्यात पाव-पाव इंचावर दोन-तीन समांतर टिपा असतात. त्या पुढे वाढवण्यासाठीच मारून ठेवलेल्या असतात. तयार घेतलेल्या ब्लाउजला मात्र अनेकदा जेमतेम अर्धा इंच माया असते, तीही ओव्हरलॉक केलेली. मग घागऱ्याच्या कळ्यांच्या (वर अरुंद, खाली रुंद अशा उभ्या तुकड्यांच्या) शिवणी, नेफ्यात दुमडलेलं कापड आणि खालच्या काठाची दुमड मोजा. सगळं लिहून काढा. कुठून किती कापड मिळणार, याचा तुमचा जमाखर्च तोच.

दुसरा प्रश्न: कापडात जीव आहे का? रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की त्या घडीवरच चिरतं. घडीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणा. करकर आवाज आला किंवा धागे सरकून फट दिसली, तर त्या भागावर ताण पडेल अशी शिवण घालायची नाही. आतून ऑर्गंझाचा किंवा मऊ सुती कापडाचा तुकडा हाताने टाचून आधार द्यायचा. बगलेजवळचं कापड खास तपासा. घामाने रेशीम कमकुवत होतं, आणि ब्लाउज वाढवताना नेमका तिथेच हात लागतो.

कापड कोणतं हे माहीत नसेल, तर मायेतून एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर पेटवा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि त्याची राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो. सूत किंवा व्हिस्कोस कागदासारखं जळतं, राख मऊ करडी. हे एवढ्यासाठी, की इस्त्री किती गरम चालेल ते यावर ठरतं.

जरीचंही तसंच. तारेची जरी गरम इस्त्री बऱ्यापैकी सोसते, पण प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची चमकदार जरी आकसते आणि तिच्यामुळे आजूबाजूचं कापडही गोळा होतं. कोणतीही जरी असो, इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड घालून, आणि आधी मायेवर करून बघायची.

धुलाई शिवण्याच्या आधी

हा क्रम बदलायचा नाही. काम करताना जागोजागी इस्त्री फिरते आणि उष्णतेने डाग पक्के होतात. सरबत किंवा गोड पदार्थाचा शिंतोडा त्या दिवशी दिसतही नाही. काही वर्षांनी तोच तपकिरी होऊन वर येतो. असे डाग शोधून त्यांच्याभोवती पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके घाला आणि ड्रायक्लीनला देताना डाग कशाचा असावा ते सांगा. तेलाचा डाग आणि साखरेचा डाग एकाच उपायाने जात नाहीत.

भरतकाम नसलेला सुती-रेशमी ब्लाउज घरी धुवायचा मोह होतो. त्याआधी ओला पांढरा कापूस मायेवर एक मिनिट दाबून धरा. लाल, राणी, गर्द हिरवा हे रंग पटकन उतरतात. कापसाला जराही रंग लागला तर पाण्यात घालू नका. आणि काळी पडलेली जरी लिंबू किंवा टूथपेस्टने घासू नका. काळेपणाबरोबर वरचा मुलामाही जातो आणि खालची तांब्याची तार उघडी पडते.

वजन: कॅनकॅन आणि त्याचे सोबती

घागरा उलटा केला की अस्तराच्या आत किंवा अस्तर आणि वरच्या कापडाच्या मध्ये कडक जाळीचे चुणीदार थर दिसतात. हेच कॅनकॅन. ते बहुधा अस्तरालाच दोन-तीन आडव्या टिपांनी जोडलेलं असतं, म्हणून वरच्या भरतकामाला धक्का न लावता निघतं. अस्तर जमिनीवर सपाट पसरा, दर चौथा-पाचवा टाका उसवणीने तोडा आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. जाळी ओढून काढायला जाऊ नका, अस्तर फाटतं. अगदीच सगळं काढावंसं वाटत नसेल तर सगळ्यात खालचा एक थर ठेवा. घागरा पायात येत नाही आणि बसताही येतं.

काठाच्या आत कडक पट्टी किंवा जाडजूड बकरम असेल तर तीही बघा. ती काढली की घेर मऊ पडतो. पण काठावर भरपूर काम असेल तर राहू द्या. तिच्याशिवाय काठ दुमडतो आणि खड्यांची टोकं अस्तराला घासतात.

कॅनकॅन काढल्यावर लगेच उंची मोजायची नाही. जाळीने घेर बाहेर फेकलेला असतो. ती गेली की कापड सरळ खाली येतं आणि काठ अर्धा ते एक इंच उतरतो. त्यातून तिरक्या कापलेल्या कळ्या स्वतःच्या वजनाने आणखी लांबतात. घागरा कमरेकडून चार-पाच चिमट्यांनी धरून एक रात्र टांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. हे न करता काठ बसवला की पुढून बरोबर आणि बाजूने लोळणारा घागरा तयार होतो. मग शिंप्याला दोष दिला जातो.

उंची आणि कंबर, एकाच कापात

लग्नाचा घागरा साधारणपणे तीन-चार इंच टाचेवर मापलेला असतो. आता तो चपलेवर किंवा दीड इंच टाचेवर घालायचा, म्हणजे दोन इंच तरी कमी करायला हवेत. खालून कमी करायचे तर काठ जातो, आणि अख्खी शोभा तिथेच असते. म्हणून वरून कमी करायचं.

वरून कमी करताना आणखी एक फायदा होतो. कळ्यांचा घागरा वर अरुंद आणि खाली रुंद असतो, त्यामुळे वरचं जितकं कापावं तितकी कंबर आपोआप रुंद होते. किती, ते आधी काढता येतं. समजा कंबर ३० इंच, खालचा घेर १५० इंच आणि उंची ४० इंच आहे. घेरातून कंबर वजा केली, १२० उरले. त्याला उंचीने भागलं, ३ आले. म्हणजे वरून एक इंच काढला की कंबर तीन इंच वाढते. दोन इंच काढले तर सहा. टाच उतरवली आणि कंबरही झाली. मायेला हातसुद्धा लागला नाही. (हे कळ्यांच्या घागऱ्यापुरतंच खरं. चुण्या किंवा प्लेट्स घातलेल्या घागऱ्यात कंबर हवी तर प्लेट्सची खोली कमी करायची.)

काम असं करायचं. ज्या चपला पुढे घालणार त्या पायात घाला, घागरा नव्या जागी कमरेला रुंद इलॅस्टिकने बांधा आणि काठ जमिनीपासून अर्धा इंच वर येईपर्यंत कापड इलॅस्टिकखालून वर ओढत जा. हे दुसऱ्याने करायचं. स्वतः वाकलात की माप चुकतं. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि मधल्या चार कोपऱ्यांत, असं आठ ठिकाणी इलॅस्टिकच्या खालच्या कडेवर खडूने खूण करा. खुणा एका सरळ रेषेत येणार नाहीत. पोट आणि नितंब यांमुळे पुढे-मागे अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक पडतो आणि तो पडायलाच हवा. खुणा जोडून रेषा काढा, तिच्यावर पाऊण इंच माया ठेवा आणि मगच कापा. अस्तर वेगळं टांगून त्याच मापाने, पण पाव इंच आखूड ठेवा.

कापण्याआधी वरच्या भागावरची नक्षी बघायला विसरू नका. काही घागऱ्यांत कमरेलगत बारीक बुट्ट्यांची ओळ असते. दोन इंच गेले की बुट्टा अर्धा कापला जातो. तसं असेल तर पाव इंच कमी-जास्त करून रेषा दोन बुट्ट्यांच्या मधून न्या.

उंची कमी करायची नाही, फक्त कंबर वाढवायची आहे, असं असेल तर कळ्यांच्या शिवणी कामी येतात. एकाच बाजूची शिवण तीन इंच सोडली तर घागरा त्या बाजूला लोंबतो. त्यापेक्षा प्रत्येक शिवणीत थोडं थोडं सोडा. बारा कळ्या म्हणजे बारा शिवणी. प्रत्येक शिवण दोन्ही बाजूंनी एकेक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सोडली की शिवणीमागे पाव इंच आणि एकूण तीन इंच मिळतात. नवी टीप कमरेपासून सुरू करून आठ इंचांवर जुन्या शिवणीत अलगद मिळवायची. नवी टीप आधी मारायची आणि जुनी नंतर उसवायची, म्हणजे कळ्या सरकत नाहीत.

नेफा आणि नाडी काढून टाकणं मला तरी बरं वाटतं. जड घागरा नाडीवर तोलला की तासाभरात कमरेवर वळ उठतो. त्याऐवजी दीड इंच रुंदीची कॅनव्हास घातलेली कंबरपट्टी लावा, पुढचा अर्धा भाग सपाट आणि मागच्या अर्ध्यात रुंद इलॅस्टिक. बंद करायला बाजूला दोन मोठे चपटे हुक. चेन असेल तर वरून कापताना तिचीही लांबी कमी होते हे लक्षात ठेवा. कंबर ३४ आणि नितंब ४० असेल तर उघडझाप सात-आठ इंच हवीच, म्हणून चेन खाली सरकवून शिवण तेवढी आणखी उसवावी लागते.

ब्लाउज: मायेतून किती निघतं

हिशेब सोपा आहे. बगलेखाली दोन शिवणी, प्रत्येकीत पुढचं आणि मागचं असे दोन पल्ले, म्हणजे चार ठिकाणी कापड सुटतं. एक टीप उसवून पाव इंच सोडला की चारी मिळून एक इंच. सव्वा इंच मायेतला पाऊण इंच सोडता येतो, अर्धा इंच शिवणीला ठेवायलाच हवा. म्हणजे कमाल वाढ तीन इंच.

यात तीन ठिकाणी चुका होतात. पहिली, बाही विसरते. बगलेची शिवण बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत सलग असते. अंगाला अर्धा इंच सोडून बाही तशीच ठेवली तर बगलेत चुण्या पडतात आणि हात वर होत नाही. मुंढ्यापाशी (बाही अंगाला जोडते तिथे) अंग आणि बाही सारखीच सुटली पाहिजेत, पुढे बाहीच्या टोकाकडे हवं तर निमुळतं करा. दुसरी, अस्तर. ते वेगळं शिवलेलं असेल तर तेवढंच वाढवा, नाहीतर वरचं कापड सैल आणि आतलं घट्ट राहून टक्सजवळ (छातीच्या आकारासाठी घातलेल्या चिमट्यांजवळ) ओढ बसते. तिसरी चूक दोऱ्याची. जुन्या विरलेल्या रेशमावर जाड पक्का पॉलिएस्टर दोरा वापरला की ताणात दोरा टिकतो आणि कापड कापलं जातं. अशा कापडाला बारीक दोरा, ११ नंबरची नवी सुई आणि बेताचा टाका द्या. मखमल किंवा भरतकामाचे दोन थर असतील तर १४ नंबरची सुई.

सोडलेल्या मायेचा रंग बाहेरच्या कापडापेक्षा गर्द असतो आणि जुन्या टिपेची भोकं रांगेने दिसतात. बगलेखाली असल्याने हात खाली असला की ते झाकतं. भोकं बुजवायला वाफ द्या आणि नखाने आधी उभ्या, मग आडव्या धाग्याच्या दिशेने हलके घासा. रेशमात बरीच मिटतात, सॅटिनमध्ये राहतात. उरलेल्या रेघेवर बारीक गोटा किंवा पायपिंग बसवलं की ती मुद्दाम केलेली नक्षी वाटते.

माया कमी पडली तर बगलपट्टी

समजा ब्लाउज ३४ चा आहे आणि आता ३८ हवा. चार इंचांपैकी एक मायेतून निघाला. उरले तीन, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड इंच. त्याला दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच माया धरून अडीच इंच रुंद पट्टी कापायची. लांबी किती? बाहीची आतली शिवण पाच इंच, बगल ते खालची कड सहा इंच, दुमडीला दीड इंच, एकूण साडेबारा. पट्टी एकसंध हवी, बाहीच्या टोकापासून ब्लाउजच्या खालपर्यंत. बगलेत चौकोनी तुकडा आणि खाली वेगळी पट्टी अशी जोड केली तर चार शिवणी एका बिंदूत येतात, आणि घामाच्या ओलाव्यात सगळ्यात आधी उसवतं ते तिथेच.

पट्टी सगळीकडे सारखी रुंद नसते. बगलेपाशी पूर्ण अडीच इंच, बाहीच्या टोकाकडे गरजेप्रमाणे पावणेदोन इंचांपर्यंत निमुळती. कापड उभ्या धाग्यावर कापा. तिरकं कापलं तर सुरुवातीला छान बसतं आणि दोन वेळा घातल्यावर लोंबायला लागतं.

कापड कुठून आणायचं? आधी घागऱ्यातूनच बघा. वरून कापलेले दोन इंच, नेफ्याची दुमड, काठाची दुमड, किंवा मागची एक साधी कळी. कळी काढली तर घेर किती कमी होतो ते आधी बघून घ्या. मखमलीत लव कोणत्या दिशेला झुकते ते तपासून पट्टी त्याच दिशेने लावा. उलटी लागली तर त्याच ताग्यातला तुकडाही दुसऱ्या रंगाचा दिसतो. आणि जुळणारं कापड मिळालंच नाही, तर जवळपासचा रंग शोधत बसू नका. जवळपासचा रंग नेहमी चुकलेला दिसतो. काठाच्या किंवा पायपिंगच्या रंगाचं ठळक वेगळं कापड घ्या.

भरतकामातून शिवण नेताना

काम बिघडतं ते इथे. हाताच्या भरतकामाचे तुकडे आधी भरून मग शिवलेले असतात, त्यामुळे नक्षी शिवणीच्या आतही गेलेली असते. आरीचं काम साखळी टाक्याचं असतं. त्याचं एक टोक सुटलं की स्वेटर उसवावा तशी अख्खी वेल निघत जाते. म्हणून नवी टीप जिथे येणार तिच्या दोन्ही बाजूंना, उलट्या बाजूने, बारीक दोऱ्याने साखळीवर आडवे टाके घालून ती बांधून घ्या. मगच जवळ कात्री न्या.

मणी, नळ्या आणि कटदाणा टिपेच्या मार्गात ठेवून मशीन चालवली तर सुई मोडते, आणि मोडलेलं टोक डोळ्याकडे उडू शकतं. टिपेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचाहून थोडा जास्त पट्टा मोकळा करा. इथे एक युक्ती आहे: मणी काढायला दोरा कापू नका. कापडावर जाड रुमाल धरा, त्याखाली मणी नाकाड्या पकडीत घ्या आणि चिरडा. काच फुटते, दोरा तसाच राहतो, शेजारचे मणी सुटत नाहीत. डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि काचेची पूड चिकटपट्टीने उचला, हाताने झटकू नका. प्लॅस्टिकच्या मण्यांना हे चालत नाही, ते चपटे होऊन दोऱ्याला चावतात. ते तिरके कापावे लागतात.

दबका म्हणजे बारीक स्प्रिंगच असते. ओढली की सरळ होते आणि परत गोल होत नाही. उलट्या बाजूने तिला धरून ठेवणारा टाका कापा आणि सुईच्या टोकाने ती वर उचला. काढलेलं सगळं एका डबीत ठेवा. शिवण पूर्ण झाल्यावर त्यातलंच थोडं शिवणीवर आडवं बसवलं की तुटलेली वेल जोडलेली दिसते. सगळी जागा भरायची गरज नाही. दर इंचाला दोन-तीन टिकल्या पुरतात. शिवणीवर मशीनला चेन लावायचा एकेरी दाब (सुईखाली कापड दाबून धरणारा पाय) वापरा, म्हणजे दाबाची एक बाजू मण्यांवर चढत नाही.

पाठीची दोरी

पुन्हा माप बदलेल अशी शक्यता असेल, तर बगलेपेक्षा पाठ उघडलेली बरी. मागची हुकपट्टी काढून दोन्ही कडांना कापडाचे लूप आणि मधून दोरी. लूपसाठी एक इंच रुंद तिरकी पट्टी उलटी दुमडून घडीपासून पाव इंचावर टीप मारा, जादा माया छाटा आणि सुईदोऱ्याने सुलटी करा. दीड इंचाचे तुकडे करून पाऊण-पाऊण इंचावर लावा. कडेला आतून कॅनव्हासची अर्धा इंच पट्टी नसेल तर दोरी ओढल्यावर कड लाटांसारखी होते. दोरीमागे पाच-सहा इंच रुंदीची अस्तर घातलेली पट्टी एकाच बाजूला शिवा. मधली फट दोन-तीन इंचांपर्यंत छान दिसते. चारच्या पुढे गेली की खांदे घसरायला लागतात, तेव्हा बगलपट्टीला पर्याय नाही.

ब्लाउज उघडलाच आहे तर कप काढून बघा. जुना फोम पिवळा पडून भुगा व्हायला लागतो आणि अस्तराला चिकटतो. नवे कप मशीनने न शिवता चार कोपऱ्यांना हाताने टाचा.

ब्लाउज उलट सैल झाला असेल तर बगलेतून एकूण दोन इंचांपर्यंतच आत घ्या. त्यापुढे टक्स बाजूला सरकतात आणि मुंढा लहान होतो. उरलेलं पाठीच्या मधल्या शिवणीतून आणि टक्समधून काढा.

सेट फोडायचा

इथवर केलं तरी तिन्ही कपडे एकत्र घातले की तो लग्नाचाच सेट दिसतो. भरलेला घागरा साध्या, पूर्ण बाहीच्या एकरंगी शर्टावर किंवा लांब कुर्त्यासोबत; भरलेला ब्लाउज साध्या साडीवर; ओढणी एकरंगी ड्रेसवर. शर्ट घालणार असाल तर कंबरपट्टी बाहेर दिसते, ती नीट पूर्ण करा. ओढणीच्या चारी बाजूंचा जड काठ खांद्यावर टोचतो. दोन्ही लांब बाजूंचा काढून फक्त पदरांना ठेवला की वजन निम्म्याच्या जवळ येतं. काढलेला काठ आखूड ब्लाउजच्या खाली जोडता येतो, मध्ये पायपिंग घालून. तीन इंच लांबी सहज वाढते.

ब्लाउज आणि घागरा जोडून उंच कमरेचा गाऊनही होतो, मात्र हे ठरवायचं ते घागरा वरून कापण्याआधी. कमरेवरून छातीखाली आला की घागरा पाच-सहा इंच वर उचलला जातो, टाचेचे इंच त्यात वळते होऊन काठ घोट्याजवळ येतो. छातीखालचा घेर आणि घागऱ्याची जुनी कंबर बऱ्याचदा एक-दोन इंचांच्या फरकाने जुळते. पण आता सगळा भार खांद्यावर येणार. खांद्याच्या शिवणीत सुती टेप घाला आणि जोडाच्या आतून अंगालगत एक पट्टा हुकाने लावा, म्हणजे अर्धं वजन तो पेलतो. कॅनकॅन आणि जड काठ असलेल्या घागऱ्याचा गाऊन करूच नका, गळा दिवसभर खाली ओढला जातो.

रंगवून घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. रेशीम रंग घेतं, शिवणीतला पॉलिएस्टर दोरा घेत नाही; अस्तर आकसतं आणि जरी काळवंडते.

पक्की टीप मारण्याआधी

सगळ्या नव्या शिवणी आधी धावदोऱ्याने घाला आणि घालून बघा, आतले कपडे आणि चपला नेमक्या त्याच दिवशीच्या. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. हात डोक्यावर न्या, समोर मिठी मारल्यासारखे करा, खाली वाकून जमिनीवरची वस्तू उचला, खुर्चीत दहा मिनिटं बसा, दोन पायऱ्या चढा. हात वर केल्यावर ब्लाउज वर सरकत असेल तर बगल घट्ट आहे. पाठीवर आडव्या चुण्या पडत असतील तर रुंदी कमी आहे. छातीपासून बगलेकडे तिरक्या ओढी दिसत असतील तर टक्स जागेवर नाहीत. पायरीवर काठ पायाखाली आला तर पुढून अर्धा इंच आणखी वर घ्या, तोही कमरेतूनच.

बरोबर बसलं की पक्की टीप मारा, बगलेत आणि पट्टीच्या टोकांना दुहेरी. वाढवलेल्या शिवणीची उरलेली माया छाटू नका.

घालून झाल्यावर लगेच कपाटात न ठेवता एक रात्र वाऱ्यावर उलटा पसरा, बगल ओल्या कापडाने टिपून कोरडी करा. जड घागरा हँगरला टांगायचाच असेल तर कंबरपट्टीला आतून टेपचे चार लूप शिवून त्यांवर टांगा. नाहीतर सुती कापडात सैल गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदला. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, त्या वेगळ्या पुरचुंडीत कोपऱ्यात ठेवा.